कडेची नजर

ज्योतीरामांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय हे रुक्मिणीबाईंना डॉक्टरांच्या आधी एका भेळवाल्याकडून कळलं. दिघी रोडला भर दुपारी, डाव्या अंगाला भेळेची गाडी उभी असताना हे गृहस्थ सायकलसकट तिच्यात घुसले. चुरमुरे रस्ताभर झाले. वर भेळवाल्यालाच दरडावलं, "मधी कशाला लावतो रं गाडी?" तो बिचारा अकरा वर्षं त्याच जागी उभा राहत होता.

त्याच्या आधीही चौकटीला खांदा लागायचा, ताटाशेजारचा तांब्या कलंडायचा. रुक्मिणीबाई म्हणायच्या, वय झालं, धांदरटपणा वाढला. नवऱ्याच्या आजाराला बायका आधी स्वभावाचं नाव देतात, त्यातलाच प्रकार. भेळवाला घरी येऊन म्हणाला, "मावशी, यांना दवाखान्यात दाखवा, यांना बाजूचं दिसत नाही," तेव्हा कुठे त्या हलल्या.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी कागदावर दोन गोल काढले आणि काठाकडून काळे करत आणले. डाव्या डोळ्याचा गोल जवळजवळ सगळा काळा झाला, उजव्यात मध्ये पेल्याच्या तोंडाएवढं पांढरं उरलं. "काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "कडेची नजर आधी जाते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली धरून ठेवायची."

"किती दिवस धरून राहील?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"वर्ष. दीड वर्ष. नक्की सांगता येत नाही."

दुसरा कुणी असता तर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला असता. ज्योतीराम सरळ रस्त्याला लागले. मग एवढंच म्हणाले, "आरसा तेवढ्यात झाला पायजे."

आरशाची गोष्ट अशी. ज्योतीराम करमाळ्याकडचे. पोटासाठी भोसरीला आले आणि एमआयडीसीत गेज, म्हणजे माल तपासायची मापं, बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपात एकतीस वर्षं ग्राइंडिंग आणि लॅपिंग करत राहिले. लॅपिंग म्हणजे पोलाद इतकं सपाट घासायचं की दोन तुकडे एकमेकांवर सरकवले की चिकटून बसावेत, ओढून सुटू नयेत. असलं काम करणाऱ्या माणसाला जगात बाकी सगळं ओबडधोबडच दिसतं. रुक्मिणीबाईंच्या भाकरीसुद्धा ते बोटानं जाडी चाचपून खायचे. निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून त्यांची अवस्था वाईट होती, आणि अशात एका संध्याकाळी भोसरीच्या जत्रेच्या मैदानावर योगिनी दुर्बीण लावून बसलेली दिसली.

योगिनी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट आकाश दाखवायचं, हे तिचं खूळ. ज्योतीरामांनी तिच्या दुर्बिणीतून चंद्राचे खड्डे बघितले, गुरूचे चार चंद्र बघितले, आणि शेवटी कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न विचारला, "जास्तीत जास्त किती लांबचं दिसतं माणसाला?"

"देवयानी दीर्घिका," योगिनी म्हणाली. "आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, अब्जावधी तारे असलेली. तिच्यापासून निघालेल्या उजेडाला इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा माणूस नुसता दगड फोडायला शिकत होता."

"आन् तो उजेड हितं येऊन माझ्या डोळ्यात पडंल?"

"पडेल की. पण भोसरीतून नाही. इथं एवढे दिवे आहेत की आभाळच पिवळं झालंय. अंधाऱ्या जागी जावं लागेल."

झालं. त्या दिवसापासून ज्योतीरामांच्या डोक्यात तेच. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड, आणि तो कुठं संपणार तर करमाळ्याच्या ज्योतीरामाच्या डोळ्यात. ते जेवताना सांगायचे, झोपताना सांगायचे. रुक्मिणीबाईंना आधी हसू आलं, मग कंटाळा आला, आणि मग एके दिवशी भांडी घासता घासता त्यांच्याही अंगावर काटा आला. पण तो त्यांनी कुणाला दाखवला नाही.

योगिनी म्हणाली होती, चला काका, शनिवारी माझ्या दुर्बिणीतून दाखवते. पण ज्योतीराम कसले ऐकतात. "लोकाच्या गेजवर मी कधी माल पास केला न्हाई," ते म्हणाले. दुर्बिणीचा आरसा हातानं घासून बनवता येतो असं त्यांनी तिच्याकडूनच ऐकलं होतं, आणि एकदा घासायचं म्हटल्यावर तो माणूस दुसऱ्याची दुर्बीण कशाला बघेल? तेव्हा रुक्मिणीबाईंना नवऱ्याचा अभिमान वाटला होता. शेजारच्या गोजाबाईला त्यांनी ते वाक्य दोनदा सांगितलं होतं.

मग तीन वर्षं त्यांच्या गच्चीवर एक विटा भरलेलं पिंप आणि त्यावर ताटलीएवढी रुंद, जाड काच. वर दुसरी काच, मध्ये काळी पावडर आणि पाणी. घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. पिंपाभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा. पहिली काच थंडीत पॉलिशचं गरम डांबर ओतताना तडकली. दुसरीची कड झिजली, ती पुन्हा पहिल्यापासून घासली. अर्ध्या वाटेवर डोळ्यांचं कळलं, पण हाताला डोळे लागत नव्हते. ज्योतीराम बोटानं काचेचा खोलगटपणा सांगायचे, आणि योगिनी रविवारी येऊन टॉर्चचा उजेड ब्लेडच्या धारेवर पाडून तो आकार तपासायची आणि थक्क व्हायची. यंदाच्या भाद्रपदात आरसा पुरा झाला. त्याच्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा द्यायला पुण्यातल्या एका माणसाकडे गेला, आणि दसऱ्याला आठ दिवस असताना चकाकत घरी आला. ठरलं की दिवाळीच्या अमावास्येला राजगुरुनगरच्या पुढे, वाडा गावाच्या वर पठारावर जायचं. गावात फटाके उडतील ते उडोत, तिथं अंधार असतो.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला भोसरीत मशीन बंद असतात. लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळं पुसून, तेल लावून, झेंडूचे हार घालून बसवतात. ज्योतीराम दरवर्षीप्रमाणे जुन्या मालकाच्या वर्कशॉपात पूजेला गेले होते. घरातली हत्यारं घासून पाटावर मांडणं हे मात्र लग्नापासून रुक्मिणीबाईंचं काम. मायक्रोमीटर, गुण्या, पान्हे, अगदी सुपारीचा अडकित्ता आणि विळीसुद्धा. ज्योतीराम एरवी हत्यारांना हात लावू देत नसत, पण त्या एका दिवशी स्वतः म्हणायचे, "तुझ्या हाताला जी चमक हाय ती मशीनला न्हाई."

मग यंदा आरसा पाटावर नको? तीन वर्षं ज्याच्यामागे हा माणूस खुळा झाला ते हत्यार सोडून पान्ह्यांना हळदकुंकू लावायचं? त्यांनी जर्मनच्या डब्यातून आरसा काढला. वर धूळ होती, एका कडेला अंगठा उमटला होता. त्यांनी काथ्या घेतला नाही, तेवढी अक्कल होती त्यांना. जुन्या धोतराचं मऊ फडकं घेतलं, पितळ घासायची पावडर चिमूटभर घेतली, पाण्याचा हात लावला आणि घासायला लागल्या.

फडकं काळं झालं.

पितळ घासलेल्या बाईला हे माहीत असतं. फडकं काळं होतंय म्हणजे मळ निघतोय. जितकं काळं निघेल तितकं आतून सोनं बाहेर येणार. रुक्मिणीबाईंना समाधान वाटलं, किती मळ धरला होता बाई यानं. त्यांनी फडकं बदललं आणि मळ निघायचा थांबेपर्यंत घासलं. धुऊन, पुसून, पाटावर ठेवून मध्ये हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल वाहिलं. घरच्या साध्या आरशाची चकाकी मागून असते आणि ह्याची वरून, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्योतीरामांना सांगायची गरज वाटली नव्हती, कारण त्यांना ते इतकं माहीत होतं.

ते आले, पाटासमोर बसले, नमस्कार केला. मग आरसा उचलून उजेडात धरला. काचेच्या पलीकडे त्यांची स्वतःची बोटं दिसत होती.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रुक्मिणीबाई आजही म्हणतात, दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. उलट त्यांनी आरशावरचं हळदकुंकू शर्टाच्या टोकानं नाही, तळहातानं हळूच पुसलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि त्यानंतर कामापुरते दोन शब्द सोडले तर बोललेही नाहीत.

योगिनी दुसऱ्या दिवशी धावत आली. आरसा खिडकीत धरून तिनं बराच वेळ बघितला. "काका, काच शाबूत आहे. तुमचा आकार जागच्या जागी आहे. मुलामा पुन्हा देता येतो. बारीक चरे पडलेत, पण त्यांनी काही बिघडत नाही."

"चरा म्हंजे रिजेक्ट," ज्योतीराम म्हणाले.

"हे गेज नाही काका. चरे घालवायचे तर पुन्हा पावडर लावून घासावं लागेल, पुन्हा वर्ष-दीड वर्ष. तुमच्याकडे..." ती थांबली. वाक्य सगळ्यांनाच कळलं होतं.

आरसा पुन्हा पुण्याला गेला. मुलामेवाल्याचं दुकान दिवाळीसाठी बंद झालं. दिवाळीची अमावास्या आली, रात्रभर भोसरी फटाक्यांनी भाजून निघाली आणि अमावास्या गेली. आरसा भाऊबीजेनंतर आला. पुढची अमावास्या कार्तिकातली. रुक्मिणीबाई सकाळ-संध्याकाळ नवऱ्याच्या डोळ्यांत थेंब घालायच्या आणि मनात एकच घोकायच्या: हा महिना माझ्यामुळं गेला. ज्योतीराम आता जिन्यात भिंतीला हात लावून उतरत होते. परवापर्यंत लावत नव्हते. की लावत होते आणि आपण बघितलं नव्हतं? त्यांना काही धड आठवेना.

कार्तिक अमावास्येला योगिनी दुपारीच गाडी घेऊन आली. चाकणच्या चौकातून कंटेनर ट्रकांमधून वाट काढत बाहेर पडायचं तर दुपारीच निघायला हवं. मागच्या सीटवर दुर्बिणीचं चार फुटी नळकांडं आडवं, त्याला धरून रुक्मिणीबाई. पुढे ज्योतीराम, मांडीवर डबा, डब्यात आरसा. तो त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही. आणि कशाला देतील?

पठारावर पोचले तेव्हा सूर्य बुडत होता. प्लायवूडच्या फिरत्या बैठकीवर नळकांडं चढवलं, आरसा बसवला, स्टूल मांडलं. थंडी पडली. मग एकेक करत तारे यायला लागले, आणि येतच राहिले. रुक्मिणीबाई लहानपणी खळ्यावर झोपत, तेव्हा असलं आभाळ त्यांनी बघितलं होतं. भोसरीत चौतीस-पस्तीस वर्षं राहून ते असतं हेच विसरून गेल्या होत्या. "अवं, केवढं हाय हे," त्या न राहवून म्हणाल्या.

"दिसतंय का लई?" ज्योतीरामांनी विचारलं. ते मान वर करून उभे होते. रुक्मिणीबाईंना त्यांच्या विचारण्याचं नवल वाटलं.

योगिनीनं आधी शनी लावला. "यंदा कडी एकदम आडवी झालीय काका, सुईसारखी दिसेल." ज्योतीराम स्टुलावर बसले, डोळा लावला आणि अख्ख्या पठारावर ऐकू जाईल असे ओरडले, "हाय! गोळ्यातनं सुई आरपार हाय! धार बघ पोरी, धार बघ!" योगिनी हसली. रुक्मिणीबाई पदरात तोंड घालून रडल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचा दगड हलला. आरसा नीट होता. आपण त्याचं वाटोळं केलं नव्हतं.

"आता देवयानी," योगिनी म्हणाली. तिनं आभाळात बोट फिरवून भाद्रपदेचा चौकोन दाखवला, त्याच्या कोपऱ्यातून निघालेली ताऱ्यांची ओळ दाखवली. "ती वरची शर्मिष्ठा, आणि ही देवयानी."

"विहिरीत ढकललं होतं ती?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं.

"तीच काकू." नळकांडं जवळजवळ उभं झालं. योगिनीनं डोळा लावून इकडे-तिकडे सरकवलं आणि श्वास रोखला. "आली. काका, काय सुंदर आरसा केलाय तुम्ही. या."

ज्योतीरामांनी टोपी काढून खिशात ठेवली. देवळात शिरताना जोडे काढावेत तसं. मग बसले आणि डोळा लावला.

बराच वेळ गेला. "दोन-तीन चांदण्या हायेत," ते म्हणाले. "बारक्या."

"त्यांच्यामध्ये. मोठा धूसर पट्टा, मध्ये उजळ गाभा."

"न्हाई."

योगिनीनं पुन्हा बघितलं. "आहे की काका, बरोबर मधोमध. असं करा, तिच्याकडे सरळ बघू नका. नजर जरा बाजूला न्या आणि लक्ष तेवढं तिच्यावर ठेवा. अंधारात डोळ्याचा मधला भाग अधू असतो. अंधूक उजेड कळतो तो डोळ्याच्या कडेला. आकाश बघणारे सगळे असंच तिरकं बघतात."

ती हे इतक्या सहज बोलली की बोलून झाल्यावर तिलाच कळलं आपण काय बोललो. रुक्मिणीबाईंना अंधारात तिचा चेहरा दिसला नाही, पण तिचं गप्प होणं ऐकू आलं. त्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाईंचा कागद उभा राहिला, काठाकडून काळे होत आलेले दोन गोल. जिथून देवयानी दिसते ती कड तर ह्यांची केव्हाच गेलेली.

ज्योतीराम ऐकत होते आणि करत होते. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, वर बघ. शिकाऊ पोरानं फोरमनचं ऐकावं तसं निमूट. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मग त्यांनी डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी ते ताठ बसले.

"तुझे डोळे तरणे हायेत पोरी," ते म्हणाले. "तुला कसल्याबी आरशातनं दिसंल. शनी ठळक हाय, तो बी दिसतो. पर अंधूक जिन्नस दावायला आरसा चोख पायजे. चऱ्यांनी उजेड फाकतोय. मी म्हणलो हुतो." आणि मग वर्कशॉपात माल अडला की करत तेच त्यांनी केलं. दुसऱ्याला तपासायला लावलं. "अगं, तू बस. तुझं नि माझं वय सारखंच, चाळिशीचा चष्मा दोघांस्नी. तुला दिसलं तर आरसा पास, न्हाय दिसलं तर रिजेक्ट."

त्यांचा आवाज कोरडा होता, पण रुक्मिणीबाई त्या आवाजाबरोबर अडतीस वर्षं राहिल्या होत्या. त्यांना कळलं की हा माणूस आरशाबद्दल विचारत नाहीये.

त्या स्टुलावर बसल्या. पदर सावरला, एक डोळा मिटला. आधी काळंच दिसलं, त्यात दोन-चार ठिपके. मग त्यांनी योगिनीनं सांगितलं तसं डाव्या अंगाला बघितलं, आणि ती आली. तव्यावर पिठाचं बोट उठावं तशी, तिरकी, लांबोडकी, मध्ये दाट आणि कडेला विरत गेलेली. सरळ बघितलं की अर्धी विरायची, बाजूला बघितलं की पुन्हा भरून यायची. पंचवीस लाख वर्षं चालून आलेला उजेड रुक्मिणीबाईंच्या डोळ्यात पडत होता. ज्यांनी तो कधी मागितला नव्हता त्यांच्या. त्यांना वाटलं, डोळा काढून हातावर ठेवता आला असता तर आत्ता ह्यांना दिला असता.

"काय?" ज्योतीराम म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी डोळा काढला नाही. "काय न्हाई," त्या म्हणाल्या. "समदं काळंच हाय."

"नीट बघ."

"बघतीया की. न्हाई दिसत. माझ्याच हातानं घाण केली मी."

ज्योतीरामांनी जो श्वास सोडला तो रुक्मिणीबाईंना जन्मभर पुरेल. सुटका झालेल्या माणसाचा श्वास होता तो. "बघ," ते योगिनीला म्हणाले, "आरसाच हाय." आणि त्यांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली.

ते गाडीत जाऊन बसले तेव्हा योगिनी सामान आवरता आवरता रुक्मिणीबाईंजवळ आली. "काकू, तुम्हाला दिसलं."

"व्हय."

"मग?"

"मंग काय सांगू? आरसा पास, तुमी नापास?" त्यांनी स्टूल उचलून काखेत धरलं. "एक सांगा. मागल्या अमावास्येला आलो असतो, मी ती माती खाल्ली नसती, तर दिसलं असतं का ह्यांना?"

योगिनी खोटं बोलू शकली असती. "नाही काकू. गाभा तर सरळ बघूनही दिसायला हवा, तोसुद्धा दिसला नाही. एका महिन्यात एवढं जात नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुर्बिणीतून बघितलं असतं, तर बहुतेक दिसलं असतं."

खंडेनवमीचा दोष असा पठारावरच उतरला. पण रुक्मिणीबाईंना काही हलकं वाटलं नाही. दोष होता तोवर निदान, आपण चुकलो नसतो तर, असं म्हणायला जागा होती. आता कळलं की ते गच्चीवर गोल गोल फिरत होते तेव्हाच, एकेक फेरीला, जे बघायचं होतं ते बघायची कड झिजत होती. आणि आपण गोजाबाईला अभिमानानं सांगत होतो.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

"काकू, ते तो आरसा पुन्हा घासायला घेतील. इतका चांगला आरसा मी हातानं केलेला बघितला नाही."

"घेऊ द्या."

सोमवारी सकाळी ज्योतीरामांनी पिंपावर काच ठेवली, नव्या मुलाम्याची, चकाकणारी. त्यांच्या तोंडावर तेज होतं. "आवंदा चुका करायच्या न्हाईत," ते म्हणाले. "पुढच्या कार्तिकाला बघतोच मी तिला." त्यांनी काळ्या पावडरीची चिमूट आरशाच्या मधोमध टाकली. "पाणी."

रुक्मिणीबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. अजून वेळ होता. एक शब्द बोलला की आरसा वाचत होता. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाणी ओतलं. वरची काच फिरली, खर्र आवाज आला. दहा-बारा हातांतच मुलामा काळ्या चिखलात गेला आणि खालची काच कोऱ्या पाटीसारखी पांढुरकी झाली. तीन वर्षांचा तो आकार ऊन डोक्यावर यायच्या आत संपला.

असे आठ दिवस गेले. ज्योतीराम भिंत चाचपत गच्चीवर यायचे, पिंपाला हात लागला की मात्र तरण्यासारखे फिरायचे. आठव्या दिवशी त्यांनी काच धुतली, उन्हात धरली, बोट फिरवलं, डोळ्याजवळ नेली. मग ती रुक्मिणीबाईंपुढे केली.

"मला धड कळंना. बघ गं, चरे गेले का?"

रुक्मिणीबाईंनी काच हातात घेतली. सगळीकडे एकसारखी, मऊ, दुधासारखी. औषधालासुद्धा चरा नव्हता. गेले म्हटलं तर पुढची पावडर, मग त्याच्या पुढची, मग डांबर, मग मुलामा, आणि मग तेच पठार, तेच स्टूल, आणि वर मान करून विचारणारा हा माणूस.

"हायेत की अजून," त्या म्हणाल्या.

"लई?"

"व्हय. लई हायेत."

"तुझ्या हाताला जोरच जास्त," ज्योतीराम म्हणाले आणि हसले. दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी बायकोची अशी चेष्टा केली. मग काच पिंपावर ठेवली आणि पावडर टाकली. रुक्मिणीबाई तांब्या भरून आणायला खाली गेल्या.